हिरव्या कागदांवरच्या सह्या: न्यूयॉर्कमधली माझी पहिली प्रायमरी

जानेवारीत मुलं झोपली की मी फोन घेऊन शोधत बसायचे, की प्रायमरीचं पिटिशन म्हणजे नक्की काय, ते कोण भरतं, त्यावर सही केली तर माणूस कशात अडकतो का. मराठीत काही सापडायचं नाही आणि इंग्रजीतलं वाचलं की अजूनच घाबरायला व्हायचं. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण ते त्या पक्षाच्या मतदारांनी ठरवायची आधीची निवडणूक, आणि पिटिशन म्हणजे त्यात नाव यावं म्हणून सह्या गोळा करून द्यायचा अर्ज. आता सगळं पार पडलंय, आठवतंय तोवर लिहून काढते. आम्ही न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात राहतो, त्यामुळे खालचे नियम न्यूयॉर्कचे आहेत, दुसऱ्या राज्यात वेगळे असतात. उमेदवाराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, हा प्रचार नाही.

सुरुवात खरं तर १ सप्टेंबर २०२१ ची. त्या रात्री आयडा वादळाचा पाऊस झाला. शहरात १३ माणसं गेली, त्यातली ११ बेसमेंटमध्ये, आणि बरीचशी आमच्या क्वीन्समधली. आमच्या बेसमेंटमध्ये कुणी राहत नव्हतं हे नशीब. पाणी दारातून नाही आलं, मोरीतून वर आलं, काळं, आणि बघता बघता जिन्याच्या पाच पायऱ्या बुडाल्या. नवऱ्याने वरून टॉर्च मारला आणि मी फोटो काढले, इन्शुरन्सला लागतील म्हणून. नंतर गल्लीतल्या सात-आठ घरांनी मिळून आपल्या नगरसेवकांच्या ऑफिसला पत्र लिहिलं, फोटो जोडले. एक छापील उत्तर आलं, आभारी आहोत, नोंद घेतली आहे. मग काही नाही.

२०२२ मध्ये मी सिटिझन झाले आणि शपथविधीच्या दिवशीच मतदार नोंदणीचा फॉर्म भरला. त्यात पक्ष निवडायची चौकट असते, तिथे मी 'कुठल्याही पक्षात नोंद नको' यावर खूण केली. आपण मत देऊ, पक्षाचा शिक्का कशाला, असं मनापासून वाटलं होतं तेव्हा. पुढची तीन वर्षं त्या एका खुणेने खाल्ली.

२०२३ च्या जूनमध्ये शेजारच्या भागात पाट्या लागलेल्या दिसल्या, आमच्याकडे काहीच नाही. शेजारच्या आजींना विचारलं तर म्हणाल्या, आपल्याकडे एकच उमेदवार आहे, म्हणून प्रायमरीच नाही. मला आधी पटेना. पण न्यूयॉर्कमध्ये तसंच आहे, पक्षात एका जागेसाठी एकच नाव असेल तर ती जागा प्रायमरीच्या मतपत्रिकेवर छापतही नाहीत, ते नाव आपोआप पक्षाचं अधिकृत होतं. आणि आमच्यासारख्या भागात, जिथे एका पक्षाचे मतदार दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, तिथे नोव्हेंबरमध्ये जे होतं ते जूनमध्येच ठरलेलं असतं. म्हणजे मी नोव्हेंबरला रांगेत उभी राहून जे मत दिलं, त्याच्या पाच महिने आधीच माणूस निवडून झाला होता, आणि तो निवडताना कुणाला विचारायची वेळच आली नव्हती. आमच्या पत्राला छापील उत्तर का आलं ते मला तेव्हा कळलं.

२५ जून २०२४ ला प्रायमरी होती. ऑफिसमधून लवकर निघून मी शाळेतल्या केंद्रावर गेले. टेबलावरच्या बाईंनी टॅबवर नाव शोधलं, नाव होतं, पण पक्ष नव्हता. न्यूयॉर्कची प्रायमरी बंद असते, ज्या पक्षात तुमची नोंद त्याच पक्षाची मतपत्रिका मिळते, नोंदच नसेल तर काही मिळत नाही. त्या बाई खूप चांगल्या होत्या, त्यांनीच सांगितलं की पक्ष बदलायचा फॉर्म १४ फेब्रुवारीच्या आत पोचायला लागतो, नंतर पोचला तर जूनची प्रायमरी होऊन गेल्यावरच तो लागू होतो. बाहेर आले तेव्हा रडू येत होतं. नंतर वाचलं की आधी ही मुदत याहून कडक होती, २०१६ च्या एप्रिलमधल्या प्रायमरीसाठी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्येच पक्ष ठरवावा लागायचा, आणि ट्रम्प यांची दोन मुलं, इव्हांका आणि एरिक, ती तारीख चुकल्यामुळे स्वतःच्या वडिलांना मत देऊ शकली नव्हती. ते वाचून जरा धीर आला.

जुलैत मी फॉर्म भरून पाठवला. फी काही नाही, फक्त पोस्टाचा स्टँप. काही आठवड्यांनी घरी कार्ड आलं त्यावर पक्ष छापलेला होता. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी न्यूयॉर्कमध्ये असेल आणि नोंदणी कशी केली होती ते आठवत नसेल तर आजच ऑनलाइन बघून घ्या, दोन मिनिटं लागतात.

डिसेंबरमध्ये लायब्ररीत ड्रेनेजवर एक छोटी बैठक होती, तिथे एक शाळेतली शिक्षिका बोलली. तिचंही घर २०२१ ला बुडालेलं. ती म्हणाली, मी २०२५ ला विद्यमान नगरसेवकांच्या विरोधात प्रायमरी लढवतेय, मला माणसं हवीत. मी वहीत नाव लिहून आले आणि घरी येऊन नवऱ्याला सांगायला दोन दिवस लावले. त्याची काळजी मला समजत होती, आपण बाहेरून आलेली माणसं, कशाला नजरेत यायचं. मी म्हटलं, नजरेत नव्हतो तेव्हा काय मिळालं?

इथे एक सांगते, कारण गावाकडच्या सगळ्यांनी मला हेच विचारलं, की पक्षाने तिकीट न देता कुणी उभं कसं राहतं. आपल्याकडे तिकीट वरून येतं. माझे काका तालुक्याला पंचवीस वर्षं पक्षाचं काम करत होते, सभेच्या सतरंज्या घालणं-उचलणं त्यांनीच केलं, आणि दर वेळी शेवटच्या दिवशी एबी फॉर्म कुणा दुसऱ्याच्याच हातात दिसायचा. काका कधी पक्षाबद्दल वाईट बोलले नाहीत, पण अर्ज भरायची तारीख आली की त्या दिवशी जेवायचे नाहीत. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने निवडक मतदारसंघांत, आपल्याकडे वर्धा, लातूर वगैरे ठिकाणी, कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार ठरवायचा प्रयोग केला होता, पण ती काही आपल्याकडची पद्धत झाली नाही. अमेरिकेतही मतदारांनी उमेदवार ठरवणं आधीपासून नव्हतं. विस्कॉन्सिनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कायदा करून उमेदवारी पक्षाच्या पुढाऱ्यांच्या हातून काढून मतदारांकडे दिली आणि मग ते पसरत गेलं. अगदी १९६८ ला सुद्धा ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले होते, त्यावरून पक्षात एवढी नाराजी झाली की नंतर नियम बदलावे लागले. मला हे काकांना सांगायचं होतं, पण ते २०१९ लाच गेले.

आता मुख्य भाग. नगरसेवकपदाच्या प्रायमरीत नाव छापून यायला ४५० सह्या लागतात. सही करणारा त्याच पक्षात नोंदलेला, त्याच जिल्ह्यात (इथे नगरसेवकाच्या मतदारसंघाला जिल्हा म्हणतात) राहणारा, आणि त्याच जागेसाठी आधी दुसऱ्या कुणाच्या पिटिशनवर सही न केलेला असला पाहिजे. दोन ठिकाणी केली असेल तर आधीची धरतात. सह्या घेणाराही त्याच पक्षाचा मतदार लागतो, त्याला साक्षीदार म्हणतात, आणि प्रत्येक कागदाखाली त्याने आपलं नाव, पत्ता, या कागदावर किती सह्या आहेत तो आकडा आणि तारीख लिहून सही करायची. तो आकडा चुकला किंवा तारखेत खाडाखोड करून शेजारी आद्याक्षरं घातली नाहीत तर अख्खा कागद जाऊ शकतो. आमच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे कागद हिरवे असतात. आमच्या प्रचाराच्या मॅनेजरने, चोविसेक वर्षांच्या मुलाने, झूमवर दीड तास हे शिकवलं आणि शेवटी म्हणाला की ४५० हा आकडा विसरा, आपल्याला तिप्पट पाहिजेत.

पहिला दिवस २५ फेब्रुवारी, मंगळवार. कडाक्याची थंडी. बॉलपेन खिशात आत ठेवा, बाहेर राहिलं की शाई उतरत नाही. मी संध्याकाळी साडेपाच ते आठ दारं वाजवली आणि चार सह्या मिळाल्या. चारच. पहिल्या दारावर मला वाक्य आठवेना, त्या माणसाने शांतपणे वाट बघितली, मग मीच कागद पुढे केला. याला मत द्या असं म्हणायचंच नसतं हे मला नंतर जमलं. म्हणायचं, निवडणूक व्हावी म्हणून सही हवीये, मत कुणालाही द्या. हे खरंही आहे आणि लोकांना पटतंही. एक टॅक्सी चालवणारे सरदारजी म्हणाले, मी तर विद्यमानांनाच मत देणार, पण लढत व्हायलाच पाहिजे, आण इकडे. आणि सही केली.

१ मार्चला शनिवार होता, उजेड होता, मला नीट दहा सह्या मिळाल्या. तारीख आणि पत्ता साक्षीदाराने भरला तर चालतो, सही मात्र त्यांचीच लागते, त्यामुळे तारखा मीच भरत होते, दाराबाहेर उभं राहून, बोटं बधिर. घरी येऊन टेबलावर कागद ठेवला आणि पोटात गोळाच आला. दहाही ओळींत मी आपल्या सवयीने १/३ लिहिलं होतं. इथे आधी महिना, मग दिवस. म्हणजे त्या दहा सह्या ३ जानेवारीच्या झाल्या, आणि २५ फेब्रुवारीच्या आधी केलेली सही बादच. मॅनेजरला फोन केला तर तो म्हणाला, शांत व्हा, एकेक ओळ नीट खोडा, वर ३/१ लिहा, प्रत्येकाशेजारी तुमची आद्याक्षरं. रात्री अकरा वाजता मी दहा वेळा ती दोन अक्षरं लिहिली. भारतातून आलेल्या प्रत्येकाला सांगते, घरून निघतानाच त्या दिवसाची तारीख तळहातावर लिहून घ्या.

मतदारांच्या यादीबद्दलही सांगायला पाहिजे. फोनवर मिनिव्हॅन ॲप असतं, त्यात तुमच्या वाट्याची गल्ली येते, घर, नाव, वय, पक्ष आणि याआधी कुठल्या निवडणुकीत मतदान केलं ते. कुणाला दिलं ते कधीच नसतं. मागच्या तिन्ही प्रायमरींना मत दिलेल्यांना इथे 'ट्रिपल प्राइम' म्हणतात आणि सगळे उमेदवार त्यांच्याच दारात जातात, कारण वेळ कमी आणि माणसं कमी. आमच्या गल्लीत असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांच्या दारात जूनमध्ये कधीच कुणी येत नाही, मग ते मत देत नाहीत, मग पुढच्या वेळी त्यांचं नाव यादीत येत नाही. हे चक्र माझ्या डोळ्यांसमोर ॲपवर दिसत होतं आणि त्याचा मला खरंच त्रास व्हायचा.

त्या यादीत एक आडनाव मोडकंतोडकं छापलेलं होतं, पण मी ओळखलं. बेल वाजवली, सत्तरीच्या पुढच्या काकू, स्वेटरवर शाल. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि मग म्हटलं, काकू, तुम्ही मराठी का? त्यांनी दार पूर्ण उघडलं. "अगं थंडीत काय उभी राहिलीस, आत ये आधी." सत्तावीस वर्षं त्या याच घरात राहतात, नोव्हेंबरचं मतदान एकदाही चुकवलं नाही, आणि निवडणुकीसाठी दारात आलेली मी पहिली. चष्मा शोधायला त्यांना पाच मिनिटं लागली. मग कागद मांडीवर घेऊन अख्खा वाचला, छापील मजकुरासकट, बोट फिरवत. "माझ्या सहीने निवडणूक लागते म्हणतेस?" म्हटलं, तुमच्यासारख्या साडेचारशे जणांच्या. त्यांनी देवनागरीत सही केली. मी घाबरले, मॅनेजरला विचारलं, तो म्हणाला, नोंदणीच्या फॉर्मवर जशी सही असेल तशीच असली की झालं. काकूंची तिथेही देवनागरीतच होती.

एक टिप सह्यांबद्दल. पक्षाच्या संघटनेचं स्वतःचं पिटिशन असतं, त्याच एका कागदावर महापौरापासून खालपर्यंत सगळी नावं, त्यामुळे त्यांच्याकडे सही केलेल्या माणसाची तुमच्याकडची सही फुकट जाते. म्हणून पहिले दहा दिवस सगळ्यात महत्त्वाचे, सुट्टी काढायची असेल तर तेव्हा काढा. महिनाभरात माझ्या एकटीच्या दोनशेच्या वर सह्या झाल्या, त्यातल्या तपासणीत बऱ्याच गळल्या. कुणी रस्त्यापलीकडे राहणारा म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातला, कुणाचा पत्ता जुना, कुणी माझ्यासारखाच बिनपक्षाचा. त्या शेवटच्या प्रकारच्या प्रत्येकाला मी १४ फेब्रुवारीची गोष्ट सांगितली.

पैशांचं थोडक्यात. मला स्वतःला क्लिपबोर्ड, दोन जोड मोजे, बोटं उघडी राहणारे हातमोजे आणि बसचं प्रत्येक वेळी २.९० डॉलर एवढाच खर्च आला. उमेदवाराला मात्र पैसा लागतो, आणि न्यूयॉर्क शहरात एक फार चांगली सोय आहे. शहरातल्या रहिवाशाने छोटी रक्कम दिली की शहर त्याच्या आठपट घालतं, दहा दिले की ऐंशी. ते मिळायला नगरसेवकपदाच्या उमेदवाराने किमान ५,००० डॉलर आणि स्वतःच्या जिल्ह्यातले ७५ देणगीदार जमवायचे असतात. आमच्या बैठकीच्या खोलीत मी अठरा जणांना चहाला बोलावलं, बारा जणांनी दहा-दहा डॉलर दिले, प्रत्येकाचं कार्ड भरून घेतलं. ग्रीन कार्डवाले मत देऊ शकत नाहीत पण देणगी देऊ शकतात, हे त्या दिवशी बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं. ७५ चा आकडा ज्या रात्री पूर्ण झाला त्या रात्री आमची उमेदवार ग्रुपवर फक्त "झाले" एवढंच लिहू शकली, नंतर म्हणाली, गाडीत बसून रडत होते.

पिटिशन द्यायचे दिवस ३१ मार्च ते ३ एप्रिल. आम्ही २ एप्रिलला ब्रॉडवेवरच्या निवडणूक मंडळाच्या ऑफिसात दिलं. हजार-बाराशे सह्या, कागदांना क्रमांक, कव्हर शीट. मी मुद्दाम सोबत गेले. शिक्का मारून घेतला आणि बाहेर फुटपाथवर आम्ही चौघं काही न बोलता उभे राहिलो.

मग हरकत आली. जिल्ह्यातला कुठलाही पात्र मतदार तीन दिवसांत हरकत घेऊ शकतो आणि मग सहा दिवसांत कुठली ओळ का चूक ते लिहून द्यायचं असतं. आमच्या शेकडो ओळींवर हरकत होती. त्यात १ मार्चचा माझा कागदही, दहाच्या दहा ओळी, "तारखेत फेरफार". तीन आठवडे मला झोप नव्हती. मॅनेजर आणि एक ओळखीचा वकील रात्री बसून एकेक ओळ मतदारयादीशी ताडून बघत होते, मी आकडे वाचून दाखवायचे. सुनावणीत माझा कागद टिकला, आद्याक्षरं होती म्हणून. काकूंची सहीही टिकली. वैध सह्या ४५० च्या बऱ्याच वर राहिल्या. तिप्पट का लागतात ते तेव्हा समजलं.

मतपत्रिका नक्की झाल्यावर पंधरा दिवसांत काय झालं ते लिहिलंच पाहिजे, कारण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट तीच. विद्यमान नगरसेवकांची माणसं आमच्या गल्लीत आली, दारोदार, पहिल्यांदा. मे महिन्यात लायब्ररीत तिन्ही उमेदवारांचा वादविवाद झाला, खुर्च्या कमी पडल्या, आणि पहिला प्रश्न ड्रेनेजचा होता. नगरसेवक स्वतः तयारी करून आले होते, कुठल्या रस्त्याखालची पाइप किती जुनी ते त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी चारशे लोकांसमोर सांगितलं की सप्टेंबरपर्यंत आमच्या भागातले सगळे ड्रेन तपासून त्याची यादी लोकांपुढे ठेवीन. चार वर्षांत एका पत्राला जे उत्तर मिळालं नाही ते मिळालं, आणि ते मिळायला आमच्या उमेदवाराला जिंकावंही लागलं नाही. ते आधीपासून वाईट माणूस होते असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्यांना कुणी विचारतच नव्हतं.

दोन्ही पक्षांत असं होतं. २०१८ ला इथेच, क्वीन्स आणि ब्राँक्समध्ये, दहा वेळा निवडून आलेले डेमोक्रॅटिक खासदार जो क्राउली यांना चौदा वर्षांत पहिल्यांदा प्रायमरीत प्रतिस्पर्धी मिळाली आणि अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ जिंकली, फरक चारेक हजार मतांचा. २०१४ ला व्हर्जिनियात रिपब्लिकन पक्षाचे संसदेच्या कनिष्ठ सभागृहातले नेते एरिक कँटर एका प्राध्यापकाकडून प्रायमरीतच हरले होते. कुणाला कोण आवडतं ते सोडा, पण एवढी मोठी माणसं आपल्याच पक्षाच्या मतदारांना उत्तर द्यायला बांधील होती.

१४ ते २२ जून मुदतपूर्व मतदान होतं आणि २४ ला मतदानाचा मुख्य दिवस. न्यूयॉर्क शहराच्या पदांच्या प्रायमरीत पाचपर्यंत पसंती क्रमाने देता येतात, काकूंना हे समजवायला मी घरी जाऊन नमुना मतपत्रिका काढून दाखवली. २४ ला इतकं ऊन होतं की केनेडी विमानतळावर पारा १०० फॅरनहाइटच्या पुढे गेला. केंद्राच्या दारापासून १०० फुटांच्या आत प्रचार करता येत नाही, आणि सावली नेमकी आत होती. सकाळी सहा ते रात्री नऊ, आम्ही आळीपाळीने उभे राहिलो. समोरच्या बाजूची एक मुलगी दुपारी मला बर्फाचं पाणी देऊन गेली. काकू अकरा वाजता वॉकर घेऊन आल्या, मला हात केला, आत गेल्या, वीस मिनिटांनी 'मी मत दिलं'चा स्टिकर शालीला लावून बाहेर आल्या. त्या उन्हात शाल. मी संध्याकाळी सातला मत दिलं.

आम्ही हरलो. विद्यमान नगरसेवकांना पहिल्याच मोजणीत निम्म्याहून जास्त पसंती मिळाल्या, त्यामुळे पुढच्या फेऱ्या लागल्याच नाहीत. आमची उमेदवार दुसरी. शहरभरात मात्र डेमोक्रॅटिक प्रायमरीत दहा लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं होतं, आणि आमच्या गल्लीतली बरीच नावं त्यात पहिल्यांदा होती, ॲपवर मी ती एकेक बघितली. वाईट वाटलं, खूप वाटलं. दोन दिवस मी ग्रुप उघडला नाही.

जुलैत नगरसेवकांच्या ऑफिसातून फोन आला, वादविवादाच्या दिवशी वहीत नाव लिहिलेल्या सगळ्यांना येत होता. ड्रेनच्या यादीची बैठक सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, याल का. मी हो म्हटलं, आणि काकूंना घेऊन येते म्हटलं. २०२१ च्या त्या रात्रीचे फोटो मोठे प्रिंट करून घेतलेत. नवऱ्याचा पक्षनोंदणीचा फॉर्म त्याने स्वतःच भरलाय, उद्या पोस्टात टाकते.